ऐपतीचा दाखला

आमच्या घरात हा शब्द एकटा कधी आलाच नाही.
केळी मागितली, ऐपत नाही.
शाळेची सहल निघाली सिंहगडाला, वर्गणी वीस रुपये,
बाप छिन्नीला धार लावत म्हणायचा,
आपली ऐपत नाही गं, ताये.
'नाही'शिवायची ऐपत मी ऐकलीच नव्हती.

आणि परवा खडकमाळ आळीत, तहसीलच्या बाकावर,
वाट बघत बसले होते
की सरकार लिहून देईल,
तायव्वा हणमंत कुसाळकर, राहणार धायरी,
हिची ऐपत आहे. इतक्या लाखांपर्यंत. मुदत एक वर्ष.

कारकून म्हणाला, ठेकेदार कोण, मिस्टर?
म्हटलं, मीच.
त्यानं 'तायबा' लिहिलं. मी खोडायला लावलं.
खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म आणा.
आणला.

बाकीचं जमलं होतं.
पॅन, जीएसटी, तीन वर्षांची विवरणपत्रं,
कोर्टाबाहेर छत्रीखालच्या नोटरीचा शिक्का,
चारित्र्यासाठी चौकीत चार फेऱ्या.
तिथला गिलावा फुगलाय. बसल्या बसल्या ठोकून पाहिला,
पोकळ वाजतो.
अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर.

बावीस वर्षं.
नऱ्ह्याचं कॉलेज, बाणेरच्या दोन सोसायट्या,
कोथरूडचं किती प्लास्टर ते मोजलंच नाही.
पाट्यांवर नावं दुसऱ्यांची.
माझं मस्टरवर होतं, तेही नाव कसलं,
अंगठ्याशेजारी 'बिगारी, स्त्री, एक'.

ओळखणारे मोघे साहेब तेवढे उरलेत.
शेवटचा मजला, गुडघ्यांना पट्टे.
तूच ना ती, ओळंबा धरून मिस्त्रीशी भांडायचीस?
मीच ती.
त्यांनी लिहिलं, काम समाधानकारक.
सही करता करता म्हणाले,
आतल्या खोलीची भिंत बघतेस जरा?
किती पावसाळे झाले, ओल हटत नाही.

बघायची गरज नव्हती.
ही इमारत आम्हीच उभी केली.
मे महिना, वरच्या स्लॅबवर पाणी मारायचं काम माझं,
आणि पोरगी तापानं फणफणलेली.
तीन दिवस मी आलेच नाही.
रखवालदारानं दया येऊन हजेरी लावली.
चौथ्या दिवशी गोणपाटं पापडासारखी वाजत होती.
कुणाला बोलले नाही. पगार घेतला.

भिंतीवर हात ठेवला. गार.
पापुद्रा बोटाला आला.
म्हटलं, साहेब, ही ओल माझी आहे.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग कागद पुढं ओढून 'समाधानकारक'च्या खाली
आणखी एक ओळ घातली, घडी करून दिली.
मी ती वाचली नाही.
सेंट्रल बिल्डिंगमधल्या बाईंनी वाचली,
मान वर करून माझ्याकडं बघितलं,
आणि शिक्का मारला.

मधल्या रविवारी दोन पोरं नेऊन गच्ची खरवडून काढली होती.
पैसे नाही घेतले. चहा घेतला.

नोंदणी झाली. सगळ्यात खालचा वर्ग.
पहिलं काम, झेडपी शाळेची मुतारी
आणि चाळीस फूट कंपाउंड.

सकाळी सातला वारज्याच्या नाक्यावर टेम्पो थांबवला.
बायका घमेली घेऊन धावल्या.
मालकीणबाई, हजेरी किती?
मी मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणतात ते.
मग दर सांगितला. पाचजणी घेतल्या,
एकीच्या कडेवर लेकरू.
तापलं-बिपलं तर तोंडानं सांग, म्हटलं.

आणि सवयीनं फळीला पाय लावून
त्यांच्यासोबत मागंच चढले.
ड्रायव्हर आरशातून बघत राहिला.
पुढची सीट रिकामी,
तिच्यावर फाईल ठेवलेली.
म्हटलं, राहू दे तिला. चल.